काडतुसांचे प्रकार वाढले की नेमबाजाचा फायदा वाढतो का?

एअर रायफलवर हात बसल्यानंतर .२२ (नळीचे माप ०.२२ इंच) रायफलीकडे वळणाऱ्या नेमबाजाच्या हाती पहिल्यांदा खरे काडतूस येते, आणि त्याच सुमारास त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. गोव्यातल्या शस्त्रविक्रेत्याकडे मोजक्याच बोअरची, म्हणजे नळीच्या मापांची, काडतुसे मिळतात. परदेशी उत्पादकांच्या सूची चाळल्या तर तेथे मात्र काडतुसांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात. एकाच जाडीच्या गोळीसाठी दहा-दहा वेगळी काडतुसे, प्रत्येकाचे नाव वेगळे, प्रत्येकाचा दावा वेगळा. मग इतक्या प्रकारांना मुकल्यामुळे इथला नेमबाज काही गमावतो का? माझे मत सुरुवातीलाच नोंदवणे बरे: काडतुसांच्या विविधतेचा नेमबाजीला एकंदरीने फायदा झाला आहे, पण तो एकेका नेमबाजाच्या वाट्याला फार थोडा येतो, आणि ज्या विविधतेमुळे खरोखर गुण वाढतात ती वेगवेगळ्या बोअरमध्ये नसून एकाच काडतुसाच्या आत असते. हे असे का, ते समजून घेण्यासाठी काडतुसाच्या रचनेपासून सुरुवात करावी लागते.

काडतूस म्हणजे चार वस्तूंची जुळणी. पितळेची पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी देणारा प्राइमर, पुंगळीत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बंदुकीचा घोडा पडला की प्राइमर पेटतो, दारू जळून तिचा वायू होतो आणि त्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. हा दाब सहन करण्यासाठी नळीच्या मागच्या टोकाला पुंगळीच्या नेमक्या आकाराची पोकळी कोरलेली असते. तिला चेंबर म्हणतात. सगळ्या प्रश्नाची मेख या चेंबरमध्ये आहे. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिन्ही काडतुसांत ७.८२ मिलिमीटर जाडीचीच गोळी असते, तरीही एकाचे काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत चालत नाही, कारण पुंगळीची लांबी आणि घडण वेगळी असते. म्हणजे काडतुसाचा नवा प्रकार घ्यायचा तर त्यासोबत नवी नळी किंवा नवी बंदूकच घ्यावी लागते.

काडतुसांची नावेही नवख्याची फसगत करतात. बारा बोअर म्हणजे काय, असे विचारले तर बारा मिलिमीटर असे उत्तर अनेकदा मिळते. प्रत्यक्षात एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची, आणि तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. म्हणूनच वीस बोअरची नळी बारा बोअरच्या नळीपेक्षा बारीक असते. .४१० मात्र या हिशेबात बसत नाही. तो इंचांत मोजलेला सरळ व्यास आहे. .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंच जाडीची असते. नाव पाहून काडतूस ओळखता येत नाही, बंदुकीवर कोरलेले आणि काडतुसाच्या तळावर ठोकलेले अक्षर जुळते की नाही हे पाहावेच लागते, एवढे यातून लक्षात ठेवले तरी पुरे.

इतके प्रकार झाले तरी कसे? ठासणीच्या बंदुकीच्या काळात खरे तर याहून अधिक गोंधळ होता. सोळाव्या शतकात गोव्यात तोड्याच्या बंदुका घडवणारे कारागीर इतके तरबेज होते की अफोन्सो द अल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला लिहिताना त्यांच्या कामाची वाखाणणी केली. पण अशी प्रत्येक बंदूक हाताने घडवलेली, तिची नळी तिच्यापुरती, आणि त्यामुळे गोळी ओतायचा साचाही तिच्यापुरताच. एकोणिसाव्या शतकात धातूची पुंगळी आली आणि कारखान्यात बनलेले काडतूस त्याच मापाच्या कोणत्याही बंदुकीत चालू लागले. ही मापे ठरवून ती पाळली जातात की नाही हे पाहण्यासाठी पुढे संस्था उभ्या राहिल्या; युरोपात १९१४ मध्ये बेल्जियमच्या लिएज शहरात सीआयपी, आणि अमेरिकेत १९२६ मध्ये सामी. नेमबाजाचा सर्वांत मोठा फायदा या मापांच्या शिस्तीने झाला आहे, असे मला वाटते. शिस्त आली म्हणूनच प्रकार वाढवणे सुरक्षित झाले.

त्यानंतर प्रकार वाढत गेले ते तीन कारणांनी: सैन्याच्या गरजा, शिकार आणि बाजार. आणि कधीकधी केवळ कायद्यामुळेही. याचे उत्तम उदाहरण भारताशीच जोडलेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी .४५० बोअरच्या जोड नळीच्या रायफली भारतात चालत. त्याच मापाची गोळी सरकारविरुद्ध उठणाऱ्यांच्या हातातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींनाही उपयोगी पडेल या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास भारतात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली. इंग्लंडमधल्या बंदूक बनवणाऱ्यांनी तत्काळ नवी मापे काढली: .४६५, .४७०, .४७५, .४७६. या सगळ्यांची गोळी साधारण ३१ ते ३४ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला साधारण ६५० मीटर, म्हणजे बंदी घातलेले .४५० जे काम करत होते तेच. नावे पाच झाली, काम एकच राहिले. शंभर वर्षांनंतर त्या रायफली ज्यांच्या घरी वारशाने आल्या आहेत त्यांना मात्र प्रत्येक मापाचे काडतूस वेगळे शोधावे लागते.

बाजाराने जन्माला घातलेल्या काडतुसांची गोष्ट याहून वेगळी नाही. .३०-०६ हे १९०६ मधले लष्करी काडतूस. त्याच जाडीची गोळी आखूड पुंगळीत बसवून १९५२ मध्ये.३०८ विंचेस्टर आले. सारख्या वजनाची गोळी घेतली तर .३०-०६ चा वेग तीन-चार टक्क्यांनी जास्त भरतो. लक्ष्यावरचे भोक पाहून ते कोणत्या काडतुसाचे हे कोणालाही सांगता येणार नाही. या दोन काडतुसांच्या आजूबाजूला, कोणी गोळी किंचित बारीक करून, कोणी पुंगळी किंचित रुंद करून, गेल्या शतकात डझनावारी काडतुसे बाजारात आणली, आणि त्यातली बरीच दहा-पंधरा वर्षांत विसरली गेली. रेमिंग्टन कंपनीने १९७० च्या सुमारास ५ मिलिमीटरचे एक रिमफायर (पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या काठात असलेले) मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचे, काडतूस काढले. काही वर्षांत त्याच्या रायफली बनणे थांबले, पुढे काडतुसेही थांबली, आणि ज्यांनी मोठ्या हौसेने त्या रायफली घेतल्या होत्या त्यांच्याकडे उत्तम स्थितीतली पण न चालणारी हत्यारे उरली. नवा प्रकार विकत घेणारा माणूस कंपनीच्या प्रयोगाचा खर्च अशा रीतीने स्वतः उचलत असतो.

प्रत्येक नवे काडतूस निरुपयोगी असते असे मात्र म्हणता येत नाही. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमोर हे त्याचे प्रामाणिक उदाहरण आहे. त्याची गोळी .३०८ च्या गोळीपेक्षा बारीक, पण लांबट आणि निमुळती. हवा तिला कमी अडवते, त्यामुळे दूरच्या लक्ष्यावर वाऱ्याने ती कमी सरकते, आणि खांद्याला बसणारा धक्काही कमी असतो. आठशे-हजार मीटरवर नेम धरणाऱ्याला हा फरक गुणांमध्ये दिसतो. तरीही ही कल्पना नवी नव्हती. स्वीडनच्या सैन्याने १८९० च्या दशकातच ६.५ मिलिमीटरची लांबट गोळी स्वीकारली होती आणि स्कँडिनेव्हियातले नेमबाज ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. नव्या काडतुसाने ती गोळी आखूड पुंगळीत, आजच्या दारूला आणि आजच्या रायफलींना साजेशा रूपात आणली, एवढेच.

पिस्तुलांच्या जगातला एक अनुभव मला या विषयात सर्वांत बोलका वाटतो. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी शहरात अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्यांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली आणि तिच्यात दोन अधिकारी मारले गेले. एका दरोडेखोराला लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली, असे नंतर आढळले. दोष काडतुसाचा ठरला. आधी १० मिलिमीटरचे जोरदार काडतूस निवडले गेले. त्याचा धक्का अनेकांना झेपेना म्हणून त्यातली दारू कमी केली गेली. दारू कमीच भरायची तर पुंगळी लांब कशाला, म्हणून १९९० मध्ये.४० स्मिथ अँड वेसन हे आखूड काडतूस जन्माला आले आणि अमेरिकेतल्या पोलिस दलांनी ते भराभर स्वीकारले. पुढच्या पंचवीस वर्षांत गोळीची घडण सुधारत गेली, ९ मिलिमीटरच्या नव्या गोळ्या हवे तितके काम करू लागल्या, आणि २०१५ च्या सुमारास एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली. त्यामागचे एक मुख्य कारण असे की बहुतेक अधिकारी कमी धक्क्याच्या काडतुसाने अधिक जलद आणि अधिक अचूक नेम साधत होते. काडतूस बदलून जे मिळवायचे होते ते अखेर गोळी सुधारून आणि हातावरचा ताण कमी करून मिळाले.

आता ज्या नेमबाजीशी आपला खरा संबंध येतो, त्या स्पर्धात्मक नेमबाजीकडे वळू. ऑलिंपिकमध्ये काडतुसांची विविधता जवळजवळ नाहीच. १० मीटरच्या सर्व प्रकारांत ४.५ मिलिमीटरचा हवेवर चालणारा छर्रा, ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या प्रकारांत .२२ लाँग रायफल, आणि उडत्या तबकड्यांसाठी बारा बोअर. पूर्वी रॅपिड फायर पिस्तुलात .२२ शॉर्ट हे आखूड काडतूस चालत असे. २००५ पासून नियम बदलले आणि तेथेही.२२ लाँग रायफलच आले. १८८७ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या या काडतुसात सुमारे २.६ ग्रॅम शिशाची गोळी असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले ते याच काडतुसाने, आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले तेही याच काडतुसाने. सगळे स्पर्धक एकच काडतूस वापरतात म्हणून स्पर्धा हात, डोळा, श्वास आणि मन यांची होते. पैशाने नवे काडतूस घेऊन कोणी पुढे जाऊ शकत नाही.

पण याच ठिकाणी विविधता दुसऱ्या वाटेने आत येते, आणि ती फार महत्त्वाची असते. .२२ हे रिमफायर काडतूस आहे. त्याचे पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या तळाच्या दुमडलेल्या काठात पसरवलेले असते, आणि ते सगळीकडे अगदी सारखे पसरवणे उत्तमातल्या उत्तम कारखान्यालाही कठीण जाते. त्यामुळे एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे काडतूस एका लॉटमध्ये (एका वेळी बनलेल्या साठ्यात) एक वागते आणि दुसऱ्या लॉटमध्ये किंचित वेगळे. मानकुराद हे नाव एकच असले तरी प्रत्येक झाडाचा आंबा वेगळा लागतो, तसेच हे. ५० मीटर जाईपर्यंत .२२ ची गोळी गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते; गोळीचा वेग एक टक्क्याने, म्हणजे सेकंदाला तीनेक मीटरने घटला तर ती आणखी अडीच मिलिमीटर खाली लागते. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि दशांश गुणांत ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. म्हणजे नेमबाजाची काहीही चूक नसताना, केवळ वेगातल्या एक टक्का फरकाने, एका गोळीमागे तीन दशांश गुण हातचे जाऊ शकतात. अंतिम फेरीत पदक आणि चौथा क्रमांक यांच्यात अनेकदा एवढेही अंतर नसते.

म्हणून वरच्या पातळीवरचे नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी केंद्रात जातात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ यांची अशी केंद्रे आहेत. तेथे रायफल घट्ट पकडीत बसवतात, वेगवेगळ्या लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि त्या लक्ष्यावर किती जवळजवळ पडल्या ते मोजतात. ज्या लॉटच्या गोळ्या त्या विशिष्ट नळीतून सर्वांत दाट पुंजक्यात पडतात, तो लॉट हंगामभर पुरेल इतका विकत घेतला जातो. एका नळीचा लाडका लॉट दुसऱ्या नळीला मुळीच मानवत नाही, असेही होते. प्रत्येक नळी गोळी जाताना आपापल्या रीतीने थरथरते आणि गोळी बाहेर पडण्याचा क्षण त्या थरथरीत कुठे येतो यावर नेम अवलंबून असतो. एअर रायफलच्या छऱ्यांतही हेच आहे: ४.४८, ४.४९, ४.५० मिलिमीटर अशा डोक्यांच्या छऱ्यांचे वेगवेगळे डबे मिळतात आणि आपल्या नळीला कोणता बसतो ते झाडूनच कळते. नव्या नेमबाजाने विविधतेची हौस भागवायचीच असेल तर ती येथे भागवावी, असे मी आग्रहाने सांगेन. एकाच काडतुसाचे चार-पाच प्रकार आणि लॉट तपासून पाहण्यात घातलेला पैसा गुणफलकावर दिसतो.

.२२ चे सामन्यातले काडतूस मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा हळू ठेवलेले असते, सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळीभोवतीची हवा तिला हेलकावे देते आणि नेम बिघडतो. त्याच .२२ मध्ये अतिवेगाची काडतुसेही मिळतात आणि डब्यावरचा मोठा आकडा पाहून नवखा माणूस तीच घेतो. लक्ष्यभेदासाठी ती उलट वाईट. गोव्यातल्या ३० अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर भरतो, त्यामुळे सामन्याचे काडतूस येथे मर्यादेपासून चांगले दूर राहते.

बारा बोअरचे काडतूस हे एका पुंगळीत किती विविधता मावू शकते याचे सर्वांत जुने उदाहरण. तीच बंदूक, तेच चेंबर, पण आत अगदी बारीक छर्ऱ्यांपासून एसजी आणि एलजीच्या जाड गोळ्यांपर्यंत काहीही भरता येते. ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजापासून दूर पळते म्हणून साधारण २.४ मिलिमीटरचे साडेसात नंबरचे छर्रे, स्कीटमध्ये ती जवळून आडवी जाते म्हणून २ मिलिमीटरचे नऊ नंबरचे. छऱ्यांचे वजन मात्र दोन्हीकडे २४ ग्रॅम ठरलेले. राज्यवर्धनसिंग राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचे रौप्यपदक जिंकले ते बारा बोअरनेच.

आता गोव्याची परिस्थिती पाहू, कारण काडतुसाचा लाभ हा अखेर कायदा, हवा आणि दुकान यांच्यावर ठरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकार हा छंद उरला नाही, आणि तो उरला नाही हे योग्यच झाले. परदेशातली बरीच काडतुसे हरणापासून हत्तीपर्यंतच्या वेगवेगळ्या जनावरांसाठी घडवलेली आहेत; तो हेतूच येथे नसल्याने त्या विविधतेची उणीव भासण्याचे कारणही नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. खेळाडूंसाठी २०२० मध्ये सवलती जाहीर झाल्या आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांसारख्या नामांकित नेमबाजांना १२ पर्यंत बंदुकांची मुभा मिळाली, पण ती वाट लांबची आहे. परवान्यावर बोअर लिहिलेला असतो, काडतुसे किती ठेवायची तेही लिहिलेले असते, आणि त्याबाहेरचे एक काडतूस घरात सापडणे हा गुन्हा ठरतो. लष्करी वापराची ९ मिलिमीटर आणि .३०३ ही मापे तर नागरिकांसाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडतात; .३१५ रायफल आणि .३२ रिव्हॉल्व्हर ही आपल्याकडची ओळखीची मापे या निषिद्ध यादीच्या कडेने वाढलेली आहेत.

सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत पिकांच्या राखणीसाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्यांकडे ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या जुन्या बंदुका आहेत, आणि निवडणूक जाहीर झाली की त्या पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात, त्यामुळे रानडुकरे कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) शिरण्याच्या दिवसांतच राखण उघडी पडते ही त्यांची तक्रार दरवेळी ऐकू येते. या जुन्या बंदुकांबाबत मात्र काडतुसांची विविधता ही सरळसरळ धोक्याची बाब आहे. पूर्वीच्या अनेक इंग्रजी आणि युरोपीय बारा बोअर बंदुकांचे चेंबर अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असे. आजची सर्वसाधारण काडतुसे पावणेतीन इंचांची, ७० मिलिमीटरची. फसवे असे की न उडवलेले लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये आरामात बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार होताना ते तोंड उघडते, त्याला जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. दुसरा प्रकार त्याहून भयंकर. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत घातले तर ते चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकते. बंदूक रिकामी समजून मागे बारा बोअरचे काडतूस भरून घोडा ओढला की नळी फुटते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो. या चुकीला आळा घालण्यासाठीच अमेरिकेत वीस बोअरच्या काडतुसांचे कवच पिवळे ठेवण्याची पद्धत आहे. ज्या घरात दोन्ही बोअर आहेत त्या घरात काडतुसे वेगळ्या कपाटांत ठेवावीत आणि खिशात कधीही मिसळू नयेत. जुनी बंदूक वारशाने आली असेल तर चेंबरची लांबी जाणकाराकडून मोजून घेतल्याशिवाय तिच्यात एकही काडतूस घालू नये.

त्यातच किनाऱ्याची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस. पितळेच्या पुंगळीला दमट हवेत हिरवा कळंक चढतो, प्राइमर ओलावा धरू शकतो, आणि जुन्या काळची कागदी कवचाची काडतुसे तर फुगून चेंबरमध्ये शिरेनाशी होत. चार बोअरची प्रत्येकी पंचवीस काडतुसे ठेवणाऱ्याकडे ती वर्षानुवर्षे पडून राहतात आणि नेमकी गरजेच्या वेळी दगा देतात. एकाच बोअरची शंभर काडतुसे ठेवणाऱ्याकडे जुनी आधी संपतात, नवी मागून येतात. हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवलेली काडतुसे चांगली टिकतात.

पुरवठ्याच्या बाजूनेही मोजकी मापेच बरी. भारतातला काडतुसांचा मोठा उत्पादक म्हणजे सरकारी दारूगोळा कारखाने. त्यातला पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ चा, आणि २०२१ पासून हे कारखाने पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीखाली आले आहेत. ते बनवतात ते माप मिळते. सामन्याच्या दर्जाचे .२२ मात्र बाहेरून आणावे लागते, आणि ते मुख्यतः राष्ट्रीय रायफल संघटनेच्या मार्गाने येते. तुटवड्याच्या काळात लोकप्रिय माप आधी संपते हे खरे. २०१३ मध्ये अमेरिकेत.२२ ची काडतुसे दुकानांतून नाहीशी झाली होती. पण कारखाना पुन्हा सुरू होतो तेव्हा तो आधी लोकप्रिय मापच बनवतो. दुर्मीळ मापाच्या मालकाला त्यानंतरही कित्येक महिने थांबावे लागते.

विविधतेची खरी गरज कोणाला असते? ज्यांच्या शरीराला ठरलेले माप जड जाते त्यांना, हे माझे उत्तर. धक्क्याला घाबरून घोडा ओढण्याआधीच डोळे मिटण्याची किंवा खांदा आक्रसण्याची सवय एकदा लागली की ती सुटायला फार काळ जातो, आणि ती बहुधा गरजेपेक्षा जोरदार काडतुसाने सुरुवात केल्यामुळेच लागते. लहान चणीच्या मुलामुलींना .२२ पासून सुरुवात करता येणे, २५ मीटर सेंटर फायर (प्राइमर तळाच्या मध्यभागी असलेल्या काडतुसाच्या) पिस्तुलात .३० ते .३८ या मर्यादेत मऊ धक्क्याचे .३२ निवडता येणे, हे विविधतेचे उपकारच आहेत. जसपाल राणा यांनी १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते याच सेंटर फायर प्रकारात. ३०० मीटर रायफलीतही ८ मिलिमीटरपर्यंतचे कोणतेही माप चालते, आणि तेथे बहुतेक जण .३०८ सोडून ६ मिलिमीटरच्या सौम्य काडतुसांकडे वळले, कारण लांबच्या सामन्यात थकलेला खांदा गुण खातो. या सर्व उदाहरणांत निवड कमी धक्क्याच्या दिशेने झालेली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सूचीतली जाहिरात मात्र बहुतेकदा उलट दिशेने ओढते.

गोव्यातल्या नव्या नेमबाजाने म्हणूनच एअर रायफल किंवा एअर पिस्तूल आणि त्यानंतर .२२ एवढ्यावर काही वर्षे काढण्यात काहीही कमीपणा मानू नये. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्यापासून येथे खेळांकडे पाहण्याची दृष्टी बदलते आहे आणि पालक मुलांना नेमबाजीकडे आणू लागले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न कोणती बंदूक घ्यावी हा असतो. त्याऐवजी सरावाला वर्षभर पुरेल इतके एकाच प्रकारचे काडतूस परवडेल का, हा प्रश्न आधी विचारावा. दुसऱ्या परवान्याची जागा भरण्यापूर्वी त्या बोअरचे काडतूस विक्रेत्याकडे गेली तीन-चार वर्षे नियमित आले आहे का, त्याला स्पर्धेत स्थान आहे का आणि त्याचा धक्का आपल्या खांद्याला साठ गोळ्यांनंतरही सोसतो का, हे क्लबातल्या कोणाची तरी बंदूक परवानगीने रेंजवर झाडून तपासावे. आणि .२२ चे डबे घेताना वरच्या छापील नावासोबत बाजूला लिहिलेला लॉट क्रमांक वाचून, सगळे डबे त्याच क्रमांकाचे मागून घ्यावेत.